कय्युमभाईची मागची नळी

कय्युमभाई मोटारी भरतो. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पंपाची मोटार आणून टाकली की तो जुन्या तारा काढतो, नव्या भरतो, वर खडखडाट न करता चालवून दाखवतो. माणूस अबोल, उधळपट्टी ठाऊक नाही. खूळ एकच, मासे. तेही साधेसुधे नव्हेत, डिस्कस. बशीएवढे गोल, अंगावर निळ्या-लाल रेघा आणि तब्येत नवाबाची. त्यांना मऊ पाणी लागतं, म्हणजे ज्यात क्षार जवळजवळ नाहीत असं. आणि आमच्याकडच्या बोअरचं पाणी असं, की साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा थर धरतो. मी त्याला म्हटलं होतं, "धुळ्यात डिस्कस पाळणं म्हणजे मे महिन्यात स्वेटरचं दुकान टाकणं." त्याने ऐकलं नाही.

पहिली जोडी मेली. मग तो पाण्याच्याच मागे लागला. उकळून पाहिलं, पातेल्याला थर बसला, पण क्षार मोजायच्या मीटरवरचा आकडा जेमतेम हलला. बदामाची पानं टाकली. पाणी चहासारखं झालं, क्षार तिथेच. मिठावर चालणारं सॉफ्टनर आणलं. साबणाला झकास फेस आला, पण त्यात चुना जाऊन त्याच्या जागी सोडियम येतं, त्यामुळे आकडा होता तिथेच. "मासे काय कपडे धुणार आहेत?" मी विचारलं. पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम, पण आमच्या पावसावर पिंप दिवाळीपर्यंतसुद्धा पुरलं नसतं. शेवटी त्याने आरओ बसवलं आणि मासे खुलले.

त्या यंत्राची एक खोड आहे. एक बादली चांगलं पाणी करताना ते तीनेक बादल्या बाहेर टाकतं, आणि सगळे क्षार त्या टाकलेल्या पाण्यात उतरतात. आमच्याकडे नळ आठवड्याने येतो. एवढं पाणी वाहताना लोकांना दिसायला नको, म्हणून कय्युमभाईने ती नळी मागच्या बोळात गटारीवर सोडली. लाज तेव्हाच वाटली होती, फक्त त्याने ती मागच्या बाजूला नेऊन ठेवली.

बोळात सुगराबी राहते. म्हातारी, खेड्यातून आलेली, अजून अहिराणीच बोलते. तिने नळीखाली घागर लावली. पाठोपाठ सगळा बोळ आला. आणि बोलवा अशी झाली, की कय्युमने आईच्या नावानं पाणी सोडलंय. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी द्यायची रीत आहे. कय्युमची अम्मी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. जन्मभर सरकारी नळावर घागर घेऊन उभी राहिलेली बाई. घरची बोअर त्याने तिच्या माघारी घेतली, माशांसाठी.

जुम्म्याच्या नमाजानंतर लोकांनी त्याचे हात हातात घेतले. "अल्लाह कबूल करो," म्हणाले. त्याने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. दुकानात येऊन माझ्यासमोर खाली मान घालून बसला. "अरे, पुण्य घरी चालत आलंय, घे की," मी हसलो. तो हसला नाही.

मग एक दिवस सुगराबीची सून नाजमीन मिक्सर घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "भाईजान, हल्ली डाळच शिजत नाही. कुकर शिट्ट्या मारून थकतो."

"पाणी कुठलं वापरता?"

"अम्मीच्या नावाचं. प्यायलाही तेच."

ती गेल्यावर तो मीटर घेऊन बोळात गेला. मीही गेलो. नळीखाली मीटर धरला, आकडा पाहिला, मीटर सदऱ्याला पुसून पुन्हा धरला. आकडा तोच. मला रागच आला. "माशांची नाडी रोज सकाळी पाहतोस, आणि ही माणसं काय पितात ते एकदाही पाहिलं नाहीस?" तो भिंतीला टेकला.

तसाच तो सुगराबीच्या दारात गेला. "खाला, ते पानी अम्मीना नावनं नही शे. मासास्करता मशीन शे, तिनं टाकाऊ पानी शे ते."

सुगराबी लसूण सोलत होती. "माले पहिल्याच दिनले माहीत व्हतं. तुनी मायनं नाव मीच बठ्ठास्ना कानवर घालं."

"कसाले?"

"मासास्नं पानी तू कव्हय बी बंद करी टाकशी. मायना नावनं पानी कोन बंद करस?"

कय्युमभाई म्हणाला, "पन खाला, ते खराब शे. त्यामा डाय शिजत नही."

"डाय उशिरा शिजस," ती म्हणाली. "पानी नही ऱ्हायनं, त शिजसच नही." आणि तो वळला तेव्हा मागून म्हणाली, "आते कोनले सांगू नको. तुनी मायनं नाव खोटं पडी."

त्याच आठवड्यात त्याने नळ्यांची अदलाबदल केली. चांगलं पाणी टाकीत घेऊन बोळाकडे तोटी काढली. टाकाऊ पाणी संडासाला आणि धुण्याला. एका यंत्रावर बोळ आणि डिस्कस दोन्ही जगणं शक्य नव्हतं. मासे चाळीसगावच्या एका शौकिनाला देऊन आला. मला वाटलं, आता तरी याचा जीव हलका होईल. पण अजून कुणी "अल्लाह कबूल करो" म्हटलं, की तो दुसरीकडे बघतो.

परवा तार गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "नाना, माशांना ते पाणी लागलं नसतं, तर अम्मीच्या नावाची तोटी मी कधी लावली असती का?"

मला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची सवय आहे. या वेळी मी चहा सांगितला.