कापराचं पथ्य

सोलापुरात आले तेव्हा मला इथलं काहीच कळत नव्हतं. माझं माहेर तिकडं चंद्रपूरकडं, शाळा सातवीत सुटलेली, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. तो पाळीवर गेला की मी दाराला कडी लावून बसायची. घरमालकीण तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. तिनंच मला ती कडी काढायला लावली. टॉवेलच्या कडा शिवायला शिकवलं, मी तापानं फणफणले तेव्हा उशाशी बसली. या परक्या गावात मला आपलं माणूस मिळालं ते तिच्यात.

अक्काच्या छातीत गाठ आली. तिनं ती मला सांगितली, लेकाला नाही. तिची बहीण अशाच ऑपरेशनला गेली ती परत आलीच नव्हती. म्हणून अक्कानं होमिओपॅथीचे डॉक्टर गाठले. सोबत मी. ते सरळ बोलले. आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा, माझं औषध त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. ऑपरेशनची भीती कमी व्हावी म्हणून त्यांनी फुलांच्या अर्काचे थेंब दिले, साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या आणि पथ्य सांगितलं. कॉफी नको, कच्चा कांदा नको, कापराचा वास नको, त्यानं औषधाचा गुण जातो.

अक्कानं पथ्य तेवढं घट्ट धरलं. देवापुढचा कापूर बंद केला, आरती नुसत्या तुपाच्या वातीवर. गोळ्या हात न लावता झाकणातून थेट जिभेवर. थेंब माझ्याही जिभेवर टाकायची. म्हणायची, "तू तर पालीलाबी भितीस, तुलाच जास्ती पायजे की." तिची भीती खरंच गेली असावी. पण ती गेली तसा मोठ्या दवाखान्याचा विषयही गेला.

गाठ वाढतच होती. अक्काचा औषधावर राग नव्हता. शेजारी पूजा होती, तिथला कापूर नाकात गेला, असं तिचं म्हणणं. पुन्हा पहिल्यापासून गोळ्या सुरू. मग काखेत गाठ लागली, हात सुजला. माझा जीव राहीना, मी तिच्या लेकाला सांगून टाकलं. तो तिला लगेच दवाखान्यात घेऊन गेला, मीही गेले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशनची वेळ निघून गेली, आता दुखणं तेवढं कमी करता येईल. इतके दिवस काय करत होता, असंही विचारलं. अक्काच बोलली, "माझंच चुकलं मॅडम. पथ्य निभलं न्हाय माझ्याकडनं."

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिचे पाय चेपायची. एकदा सगळा धीर गोळा करून म्हणाले, "अक्का, कापरानं काही झालेलं नाही. तुमचं काही चुकलं नाही."

माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "व्हय की." लहान पोराचं मन राखायला म्हणतात ना, तसं. आणि आपलंच चुकलं हे मनात धरून ती गेली.