कुलपाआडचा आवाज

लातूरचा नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी मुखेडच्या पुढच्या एका तालुक्याच्या गावी टेलिफोन ऑपरेटर होते. घर नांदेडला, नोकरी नवी. पोस्टाच्या मागच्या खोलीत आमचा बोर्ड होता. गावात कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबरावरची छोटी पत्र्याची झडप खटकन पडायची. मी तिथं वायर खोचून म्हणायची, "नंबर सांगा."

ते दुष्काळाचे दिवस होते. दुपारी गावात चिटपाखरू नसायचं. टँकर आला की तेवढ्यापुरती घागरींची भांडणं, मग पुन्हा सामसूम. रेडिओवर पंजाबच्या बातम्या असायच्या. बेवारस डबा, ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावू नका, अशी पाटी एसटी स्टँडवरही लागली होती. आपल्या गावात कोण मरायला बॉम्ब ठेवतो, असं म्हणत लोक हसायचे, आणि बाकावर एकटी पिशवी दिसली की लांबून जायचे.

अशाच एका दुपारी एक झडप पडली. मी नंबर पाहिला आणि जरा थबकले. स्टँडसमोरच्या एका सरकारी ऑफिसचा तो नंबर होता. नवा जिल्हा झाला तसं ते ऑफिस टेबलं-खुर्च्या इथंच टाकून लातूरला गेलं होतं. फाटकाला कुलूप होतं. फोन तोडायचा राहून गेला होता.

"नंबर सांगा," मी म्हटलं.

नुसता श्वास ऐकू आला. मग एक पुरुषी आवाज अगदी सावकाश म्हणाला, "स्टँडवर बाँब ठिवलाय. लोकान्ला सांगा, पळा म्हणावं."

झडप पुन्हा खटकन वाजली. फोन ठेवला गेला होता.

आमच्या इन्चार्जसाहेबांनी पोलिसांना कळवलं. स्टँड रिकामं झालं. चपला, घागरी टाकून माणसं पळाली. जिल्ह्याहून मोठे साहेब आले, आग विझवायचा बंब आला. पाण्यानं भरलेला तो बंब उन्हात उभा होता आणि बायका लांबून त्याच्याकडे बघत होत्या. काही सापडलं नाही.

"फोन कुठून आला?" जमादारांनी विचारलं. मी नंबर सांगितला. ते जाऊन आले. म्हणाले, "कुलपाला गंज चढलाय, बाई. आत कोण मरायला बसलंय?"

इन्चार्जसाहेब म्हणाले, तारेला तार लागली असेल, दुसऱ्याचाच आवाज त्या नंबरावर आला असेल. मीही तसंच मानलं. पण त्यानंतर दुपार झाली की माझी नजर त्या झडपेवरून हटेना.

ती पुन्हा पडली. पुन्हा तोच आवाज, तीच सावकाशी. पुन्हा गाव पळालं. मग कधी आठवड्यानं, कधी लगेच. बोलणाऱ्याला राग नसायचा. पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तसं तो सांगायचा. मला भीती वाटायची ती त्या शांतपणाचीच.

गावाला कुणीतरी हवं होतं. ते सापडलं. आमचा टँकर चालवायचा तो नांदेडचा एक तरुण सरदार. टँकर स्टँडजवळच उभा करायचा. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडला राहिलेलं घर, बोलणं आमच्यासारखंच, "काय करायलीस, ताई?" असं. पण नांदेडला बहिणीला फोन लावायचा तेव्हा पंजाबीत बोलायचा. पोस्टातल्या बाकावर बसलेल्यांनी ते ऐकलं होतं. एका सकाळी पोलिसांनी त्याला टँकरवरून उतरवून नेलं.

मी चौकीवर गेले. जमादारांना म्हटलं, "तो बहिणीशी बोलतो. तिचे दिवस भरलेत, तिची चौकशी करतो. मी गुरुद्वाऱ्याजवळ वाढलेय, मला पंजाबी कळतं. आणि आवाज त्याचा नाही."

जमादार चहा ओतता ओतता थांबले. "म्हंजे तुम्ही लोकांचं बोलणं ऐकता?"

मी म्हटलं, "ऐकते. लागलेली लाइन तपासायला ऐकावंच लागतं."

"हे दुसऱ्या कुणापुढं बोलू नका. नोकरी जाईल," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.

टँकर चौकीपाशीच उभा राहिला. दुसरा ड्रायव्हर मिळेना. बायका रिकाम्या घागरी घेऊन कोरड्या आडापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. पण कुणी म्हणालं नाही, त्या पोराला सोडा.

सरदार कोठडीत असतानाच झडप पडली.

या वेळी मी विचारलं, "तुम्ही कोण?"

आवाज म्हणाला, "हे आज पहिल्यांदा इचारलंत."

मी तशीच उठले. लाइनमनला बरोबर घेतलं, चौकीवर निरोप ठेवला आणि त्या ऑफिसवर गेले. फाटकाला कुलूप होतंच. मागच्या बाजूला भिंत पडली होती, तिथून आत गेलो. आत एक म्हातारा सरकारी खाकी कपड्यात स्टुलावर बसला होता. मी त्याला ओळखत होते. टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहायचा तो. तो कुठं राहतो, हे आमच्या कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हॉलमधली टेबलं पुसलेली होती. प्रत्येक टेबलाशी खुर्ची, आणि प्रत्येक टेबलावर काठोकाठ भरून झाकलेला पाण्याचा गिलास. आमच्याकडे प्यायला पाणी नव्हतं, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे ओळीनं गिलास होते. लाइनमन उंबऱ्यातच थांबला.

"बसा बाई," म्हातारा म्हणाला. "साहेब येतेल."

"कोण साहेब? ऑफिस लातूरला गेलं."

"हाव. मला म्हणले, तू इथंच ऱ्हा, फोन आला तर घे." तो खिडकीकडे वळला. तिथून सगळं स्टँड दिसत होतं. "फोन आला न्हाई. मग मीच लातूरला लावला, तुम्ही इथं यायच्या आधी. तिकडून म्हणले, कोण तू? असा माणूस कागदावर न्हाई. मी स्टँडवर गेलो, लोकान्ला ह्ये सांगितलं, तर हासले. मग मी बाँब म्हणलो."

"आणि?"

"समदे आले, बाई. साहेब आले, बंब आला. म्या इथून बघितलं. पळा म्हणलं की मोठी मान्सं बी पळत्यात."

"तुमच्यापायी एका पोराला धरलंय. मारतायत त्याला."

तो खरोखर गोंधळला. "त्याला का म्हून? म्या तर त्याचं नाव घेतलं न्हाई."

तेवढ्यात पोलीस आले. तो शांतपणे उठला आणि एका टेबलावरचा सरकलेला गिलास नीट करून त्यांच्याबरोबर गेला. चौकीत त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून केलंस? तो म्हणे, कुणाच्याच न्हाई. त्यावर मात्र कुणाचा विश्वास बसला नाही. त्याला लातूरला नेलं. पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही. मी विचारलं, पण सांगणारा कुणी नव्हता.

सरदार सुटला तो लंगडत. आधी पोस्टात आला आणि बहिणीला फोन लावायला सांगितला. बाकावर माणसं होती. त्यांच्याकडे बघत तो मराठीत, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलला, "मी बरा हाय. काही झालं न्हाई. लोक चांगले हायेत." तिकडून बहीण पंजाबीत विचारत होती, तू असा का बोलतोस, तुझ्याजवळ कोण उभं आहे? त्यानं फोन ठेवला. टँकर घेऊन तो नांदेडला गेला. आमच्या गावाला पाणी दुसऱ्याच टँकरनं येऊ लागलं.

मला वाटलं, संपलं. बंद ऑफिसची तार तोडली. पण पावसाळ्याआधीच पुन्हा एका दुपारी दबका आवाज आला, अमक्याच्या दुकानात बॉम्ब आहे म्हणून. झडप पडली होती ती शेजारच्या दुकानाची. मी म्हटलं, "शेटजी, तुमचा नंबर मला दिसतोय." फोन आपटला गेला. नंतर आणखी एका घरातून आला, मग आणखी एका. सगळी ओळखीची, भरली घरं. संध्याकाळी तीच माणसं मला रस्त्यात भेटायची, कशा आहात म्हणून विचारायची.

वर्षभरात माझी बदली नांदेडला झाली. तिथं फोन आपोआप लागायचे. कोण कुठून बोलतंय, हे तिथं मला दिसत नव्हतं.