रांगेतली नऊ मिनिटं

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे — पण ऐका.

छत्रपती संभाजीनगरात पैठणीच्या एका संस्थेत मी नोंदणीचं काम करतो. साडी कुणी विणली ते ब्लॉकचेनवर, म्हणजे नोंदींच्या डिजिटल साखळीत, नोंदवायचं. गिऱ्हाइकानं साडीला लावलेला कोड मोबाइलवर स्कॅन केला की विणणारीचं नाव दिसतं. एका साडीला एकच नोंद. ती साखळीत पक्की बसली की ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही — म्हणून तर लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

त्या दिवशी पाहुणे आले होते. साहेब कौतुकानं माझं काम दाखवत होते. शेवंतामावशी पैठणहून एसटीनं मुद्दाम आल्या होत्या — आठ महिने विणलेल्या साडीवर आपलं नाव चढताना बघायला. मी बटण दाबलं. टाळ्या पडल्या. आणि मला दिसलं — विणणारीच्या जागी मी मागाच्या मालकाचं नाव लिहिलं होतं. आमच्याकडं साडीच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं तेच लिहितात. हाताला सवय.

आता खरं सांगतो. बटण दाबलं की लगेच पक्कं होत नाही. नोंद आधी रांगेत थांबते, आणि रांगेत आहे तोवर रद्द करता येते. त्या दिवशी ती नऊ मिनिटं थांबली. मी घड्याळ बघत होतो. काय करायचं होतं? पाहुण्यांसमोर एवढंच म्हणायचं — थांबा, माझं चुकलं. म्हणालो नाही. चहा आला, तो प्यायलोसुद्धा. नोंद पक्की झाली.

मावशींनी माझा मोबाइल घेतला, बोट ठेवून सावकाश वाचलं.

"ह्यात मपलं नाव कुठंय?"

मी सांगितलं, बटण दाबताक्षणीच पक्कं होतं, मावशी, आता काही करता येत नाही.

त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "मीच नाव नीट सांगितलं नसंल, लेकरा. तू नको मनाला लावून घेऊ."

आणि मी — मी मान हलवली. तसंच झालं असेल, अशी.

लाज वाटते का? वाटते. त्या साडीवर मात्र अजून मालकाचंच नाव आहे.

मावशी अजूनही नव्या साडीची नोंद करायला येतात. टेबलाशी बसल्या की आपलं नाव दोनदा सांगतात — मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून. मी लिहून घेतो.