राखेनं घासलेला रांजण

आमच्या ह्यांनी नागपुरात एका डॉक्टरच्या बंगल्यात काचेच्या पेटीतले मासे पाहिले आणि त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. पेटी हवी, पंप हवा, वर दिवा हवा! गडचिरोलीत तेव्हा आम्ही कंदिलाच्या काचा पुसत होतो. पंप कशावर चालवणार, विचारलं तर म्हणायचे, "तू प्रत्येक गोष्टीत खोडा घालतेस."

त्यांना अडवलं ते आमच्याकडे मासे विकायला येणाऱ्या ढिवरणीनं. ओट्यावर बसून ती गप्पा मारायची, पण शेजारच्या मडक्यात फिरणारा तिचा हात थांबायचा नाही. एका तलावातून दुसऱ्यात सोडायला पिल्लं नेताना पाणी असं हलतं ठेवलं, तरच ती जगतात.

"भाऊ, पेटी मंग आना," ती म्हणाली. "पयले तीन मासोळ्या रांजनात होळीपर्यंत जगवून दाखवा. नाई जगल्या तं काच कायले पाह्यजे?"

ह्यांनी लगेच हो म्हटलं आणि पेटी होळीनंतर पाठवा, असं नागपूरच्या दुकानदाराला कळवून टाकलं. कचेरीतून आले की टोपीसकट रांजणापाशी उकिडवे बसून मासोळ्यांशी बोलायचे. माझ्याशी इतकं गोड कधी बोलले नव्हते हो! पण आठ दिवसांत एक मासोळी उलटी तरंगली. मग दुसरी. "माझ्या हातालाच यश नाही," म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले.

आता खरं सांगते. रांजण रोज राखेनं घासायचा आणि ताज्या पाण्यानं भरायचा, ही माझ्या आईची शिस्त. हे कचेरीत गेले की मी मासोळ्या तांब्यात काढायची, रांजण आतून खसाखसा घासायची आणि विहिरीचं पाणी ओतायची. माशांचा असला म्हणून काय झालं, माझ्या अंगणात शेवाळ? छे!

दुसऱ्या दिवशी ढिवरीण आली. तिनं रांजणात हात फिरवला, बोटं चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, राखीनं घासून राह्यल्या काय? मासोळीले जुनं पानी लागते, शेवाळ लागते."

"मी कशाला घासू?" चक्क खोटं बोलले मी. ती हसली नि निघून गेली.

संध्याकाळी हे उरलेली मासोळी तांब्यात घेऊन तलावाकडे निघाले. पेटी पाठवू नका, असं दुकानदाराला लिहिलेलं कार्ड खिशात होतं. त्यांची ती वाकलेली पाठ पाहून मला राहवेना.

"अहो, थांबा! तुम्ही नाही मारल्या. मी मारल्या. रोज राखेनं घासत होते."

आता आकाशपाताळ एक करतील, असं वाटलं. ते वळले, तर चेहरा असा खुललेला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे मला जमत होतं?" ते म्हणाले आणि तांब्या घेऊन परत रांजणाकडे निघाले.

ढिवरणीनं आणखी दोन मासोळ्या दिल्या. मी राखेला हात लावला नाही. होळीला तिन्ही जिवंत होत्या आणि मागून बसनं पेटी आली, भुशात बसवून. पंप अर्थातच नाही. काच हिरवट झाली, शेजारणी नाकं मुरडू लागल्या. काच पुसायला माझे हात शिवशिवायचे, पण मी ते पेटीत घालायची ते फक्त येता-जाता ढिवरणीसारखं पाणी हलवायला. कुणी पाहुण्यानं पंप कुठाय म्हणून विचारलं की हे माझ्याकडे बोट दाखवायचे.