नसलेल्या पानाने दिलेलं उत्तर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या मोठ्या बहिणीचे — सुमनताईचे. ती माळावर शेरडं राखत राहिली, म्हणून मी पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीतून उतरून महाडला बी.एस्सी. झालो. घरातला पहिला पदवीधर. भुताखेतांचा विषय निघाला की वाद घालणारा मी... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

दोन हजार तीन-चारचा सुमार. महाडला एसटी स्टँडच्या मागे माझ्या मित्राचं, नितीनचं छोटं ऑफिस होतं, तिथे मी नोकरीला. महाडमधल्याच एका खासगी हॉस्पिटलची वेबसाइट आम्ही नव्याने करत होतो. माझं काम तपासणीचं. जुना पत्ता टाकला की सर्व्हरने नव्या पानावर पाठवायला हवं — रीडायरेक्ट. आणि पान नसेलच, तर ‘४०४’ हे उत्तर यायला हवं.

मला हे लगेच कळलं, कारण आमच्या डोंगरात असंच चालतं. खालच्या दुकानातून हाक द्यायची, मधल्या वाडीने ती वर पोचवायची. माणूस नसेल तर “नाय रे, हितं नाय!” असं तरी ओरडायचं. हाक ऐकून गप्प बसणं आमच्यात वाईट समजतात.

नसलेलं पान तपासायला पत्त्यात काहीही शब्द टाकला तरी चालतो. मी नेहमी ताईचं नाव टाकायचो. नेहमी ४०४. त्या दुपारी मात्र ३०२ आलं — इथे नाही, तिकडे जा — आणि समोर उघडलं पुण्याहून महिन्यातून एकदाच येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं पान. येण्याचा दिवस — आजचाच.

“नितीन, हा रीडायरेक्ट तू टाकलास?”

“तुझ्या ताईच्या नावाचा? मला दुसरी कामं नाहीत का?” तो हसला. “चष्मा लागला असेल रे तिला!”

आम्ही सगळा कोड शोधला. काही नव्हतं. त्याने स्वतः नाव टाकलं... तेच पान. त्याचं हसू गेलं. मी वाडीखालच्या दुकानात फोन लावला.

“गणूकाका, ताई बरी आहे ना?”

“तुला कुणी सांगितलं रे? सकाळपास्नं डोकं धरून निजलीय. ओकारी होते, डोळा लालभडक. अर्धशिशी हाय म्हणून पाला बांधलाय.”

“काका, पाला काढा. जीप करून तिला आत्ता महाडला आणा.”

“थांब, हाक देतो.”

रिसीव्हर बाजूला ठेवून ते ओरडले ते मला ऐकू आलं. मग लांबून कोणीतरी ओ दिली.

ताई एक डोळा दाबून जीपमधून उतरली ती माझ्यावरच चिडून. “शिकलास तो ह्याच्यासाठी? साध्या डोकेदुखीला जीप करतात काय रे?”

डॉक्टर निघायच्या तयारीत होते. त्यांनी तपासलं आणि बॅग पुन्हा खाली ठेवली. “काचबिंदूचा झटका आहे. डोळ्यातला दाब फार वाढलाय. उद्यावर टाकलं असतं तर हा डोळा गेला असता.”

ताई पहिल्यांदाच घाबरली. “आता नाय ना जाणार?”

“प्रयत्न करू. आशा आहे.”

त्यांनी लगेच औषधं सुरू केली आणि ऑपरेशनसाठी तिला पुण्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात ताईचं नाव टाकलं. ४०४. सर्व्हरची नोंद पाहिली, तर आदल्या दुपारीही प्रत्येक वेळी ४०४च गेलेलं! मग आम्ही दोघांनी पाहिलं ते काय? नितीन आजही विचारतो. मी पुढे कितीतरी वेबसाइट तपासल्या... असं पुन्हा झालं नाही, आणि कारणही सापडलं नाही.

त्या दुसऱ्या दिवशीच संध्याकाळी मी पुण्याला हे पत्र टाकलं —

प्रिय ताई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. पट्टी सोडल्यावर चांगला डोळा हाताने झाक आणि दुखऱ्या डोळ्याने वाच. दुसऱ्या कोणाला वाचायला देऊ नकोस, कितीही वेळ लागू दे. धूसर दिसलं तर रडू नकोस, डॉक्टर म्हणाले हळूहळू उजळेल. यातला जो शब्द सगळ्यात आधी दिसेल, तो मला लिहून पाठव. एकच दिसला तरी चालेल.

तुझा,
बाळू