पाहुण्यांसाठी नकाशा

दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. कॉलेजला जीपीएसची यंत्रं मिळाली आणि प्राचार्यांनी ती लगोलग स्वतःच्या लोखंडी कपाटात बंद केली. पोरांच्या हातात दिली तर खराब होतील, म्हणे! पाहुणे आले की कपाट उघडायचं, यंत्रं दाखवायची, परत कुलूप. उपग्रहाशी बोलायला बनलेल्या त्या यंत्रांनी आभाळ पाहिलंच नव्हतं.

मी मागणं सोडलं आणि पोरांना त्यांच्याच मोबाइलवर शिकवायला घेतलं. टिनाच्या शेडखाली मोबाइल जागा चुकीची दाखवतो. उघड्यावर थांबायचं, आकडे स्थिरावू द्यायचे, मग ठिपका टाकायचा. एवढं त्यांना एका सकाळीच जमलं. मग म्हटलं, गावातले हातपंप नकाशावर आणा. चालू तो निळा, बंद तो लाल.

नकाशा झाला. बाजाराच्या बाजूला निळंच निळं. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत एकूणएक लाल. त्या वस्तीतली एक मुलगी वर्गात होती, रोज आईसोबत नाला ओलांडून पाणी आणणारी.

"सर, हे आमाले माहीत होतं," ती म्हणाली. "पण असं वरून कधी पाह्यलं नव्हतं."

त्याच सुमारास एक पुढारी कॉलेजात येणार होते. त्यांना दाखवायला प्राचार्यांनी आमचा नकाशा मागवला, आणि पाहून त्यांचं तोंड आंबट झालं.

"हे लाल काढून टाका. पाहुण्यांसमोर गावाची अब्रू जाते."

"पाणी नाही म्हणून नाही जात, सर?"

"तुम्ही भूगोल शिकवा. राजकारण नका शिकवू."

मुलगी माझ्या मागेच उभी होती. "पण सर, कायले काढाचं? पंप बंद हायेत, हे खोटं हाये काय?"

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

मी ठिपके काढले नाहीत. मग त्यांनी ऑफिसातल्या बाबूला जुंपलं. त्यानं इंटरनेटवरून एक रंगीबेरंगी नकाशा उतरवला, त्याचा भलामोठा फ्लेक्स छापला, वर कॉलेजचं नाव टाकलं. पुढाऱ्यांनी फ्लेक्सवरचा पडदा ओढला आणि ग्रामीण तरुणांनी अंतराळात घेतलेल्या झेपेवर भाषण ठोकलं. पहिल्या रांगेत आमची प्राध्यापक मंडळी टाळ्या पिटत होती. निम्म्यांच्या नावामागे डॉक्टर. नकाशा वाचला तो फक्त त्या मुलीनं.

"सर," ती कुजबुजली, "हा तं उमरखेड तालुका होय!"

खरंच, खालून पैनगंगा वाहत होती. आमच्या गावात पैनगंगा आणणारं कॉलेज ते!

मुलीनं मात्र आमचा खरा नकाशा मोबाइलवर ग्रामसभेत नेला. सरपंच म्हणाले, "पोरी, मोबाइल ठेव बाजूले." तशा वस्तीतल्या बायाच उठल्या. "तिचा मोबाइल पाहाच लागते. नाई तं आमी इथून उठत नाई." शेवटी मिस्त्री आला आणि वस्तीतले दोन पंप सुरू झाले. बाकीचे तसेच राहिले.

पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला: वाहत्या पंपाशेजारी आमचे प्राचार्य, हातात कपाटातलं यंत्र, तेही उलटं धरलेलं. मुलीचा उल्लेख कुठेच नव्हता. ती बातमी वाचून पोट धरून हसली. मला अजूनही हसू येत नाही.