आईच्या तोंडचा सत्यानाश

आज पुण्यातल्या खोलीत दूध उतू जाऊन करपलं आणि तोंडातून निघालं, “सत्यानाश!” हा आईचा शब्द. नेरजवळच्या आमच्या गावात दूध सांडलं की सत्यानाश, डुकरं तुरीत शिरली की नासधूस, अन् मुंग्या दिसल्या की त्यांचा नायनाट.

मी नववीत शाळा सोडली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, “पोरीनं वाटोळं केलं नं बाई!” आता आई काय म्हणते, या धास्तीनं मी मान खाली घातली. डाळ निवडता निवडता ती म्हणाली, “वाटोळं काहून? शाळा सुटली, पोरगी शाबूत आहे नं!”

तेव्हा वाटलं, आई काकूंशी भांडतेय. आज परक्या शहरात एकटीनं कामाला निघाले की कळतं, ऊठसूट ‘सत्यानाश’ म्हणणाऱ्या त्या बाईनं तसला एकही शब्द मला लागू दिला नाही.